एकतिसाव्या पानावरचा चोरखिसा

छापील अक्षराला वचकून असणारी माणसं परभणी जिल्ह्यात गावोगाव सापडतील, पण खुद्द छापील अक्षरच जिला वचकून असायचं अशी व्यक्ती आमच्या भागात एकच होऊन गेली, आणि त्या म्हणजे आमच्या टायपिंगच्या बाई. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पण गावात ते पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नसावं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलींच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. बारा मशीन, बारा स्टुलं, आणि आतल्या अरुंद खोलीत स्टोव्हवर चहा उकळत बसलेल्या बाई. बारा मशीन एकदम खडखडत असताना बाई आतून ओरडायच्या, "तीन नंबर! करंगळीचं काम अनामिकेकडून घ्यायलात तुम्ही!" आणि तीन नंबरवरचा तलाठ्याचा मुलगा दचकून हात मांडीवर ठेवायचा. शिकणाऱ्यांनी बोटांकडे पाहू नये म्हणून त्या प्रत्येकाच्या हातांवर एक जुना टॉवेल टाकायच्या. त्यामुळे नवख्या माणसाला तिथं सामुदायिक वाफारा चाललाय असं वाटे.

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण तासलेली लाल पेन्सिल असायचीच. एसटी स्टँडवरची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, नाहीतर देवळाच्या वर्गणीची पावती, बाई वाचायच्या त्या पेन्सिल हातात धरूनच. लग्नाला जाताना आहेरासोबत दुरुस्त केलेली पत्रिकाही न्यायच्या आणि ती वधूपित्याच्या हातात ठेवून म्हणायच्या, "धाकटीच्या वेळी लक्ष ठेवा." त्यांची चिडण्याची जागा मात्र ठरलेली होती. शुद्धलेखनाची चूक त्या हसून माफ करत, पण सूचना लिहिणाऱ्यानं समोर कोण उभं आहे याचा विचार केलेला नसला, की बाईंच्या नाकपुड्या फुलायच्या. बँकेच्या फॉर्मवर 'वडिलांचे किंवा पतीचे नाव' या रकान्यात त्यांनी एकदा स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, "दोघेही वारले. काम माझ्याशीच आहे." परीक्षेच्या हॉलबाहेर 'उमेदवाराने टोपी काढून आत यावे' अशी सूचना दिसली, तेव्हा आपल्या नऊ मुलींना घेऊन त्या दारातच थांबल्या आणि निरीक्षकांना म्हणाल्या, "आमच्याकडे टोप्या नाहीत. आम्ही काय काढू म्हणता?" निरीक्षकांनी ती सूचनाच भिंतीवरून काढली.

अशा बाईंच्या हातात माझं पुस्तक पडलं. 'बनी तो बनी, नही तो परभणी' असं आमच्याकडे म्हणतात. माझी पुण्यात सहा महिने बनेना, म्हणून संगणकाचा कोर्स आणि एक निळा टाय घेऊन मी परत आलो होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद कधी पेटत, कधी धुमसत होता, ते दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटी चालू. अशात मी वाळ्याचा पडदा लावलेल्या एका खोलीत संगणक मांडला, दाराबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी लावली आणि स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो. गावानंही समजून घेतलं, कारण ताडून पाहायला दुसरा कुणी नव्हता. मग जिल्ह्यातल्या एका बियाण्याच्या सहकारी संस्थेनं मला काम दिलं. कोणत्या शेतकऱ्यानं कोणतं बियाणं नेलं आणि ते किती उगवलं, याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा, आणि तो चालवायचा कसा याची मराठीतली पुस्तिकाही मीच करून द्यायची.

प्रोग्रॅम मी महिनाभरात लिहिला. पुस्तिका मात्र आठवड्यात हातावेगळी केली, आणि ती लिहिताना ऑपरेटर म्हणून माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, तो म्हणजे मी. माझ्या पुस्तिकेतला ऑपरेटर सकाळी दाढी करून येई, कारण दाढीचे केस कळफलकात पडतात अशी माझी शास्त्रीय समजूत होती. फ्लॉपी तो शर्टाच्या खिशात ठेवत नसे, कारण तिथं तंबाखूची पुडी असे. उदाहरणादाखल घेतलेले शेतकरी म्हणजे रामराव, गणपतराव आणि माधवराव. हे तिघेही माझे मामा. त्या काळच्या संगणकाला पुढून कुलूप असायचं. छोटी गोल किल्ली फिरवली, की कळफलक मुका व्हायचा. ती किल्ली मी स्वतः दोनदा हरवली होती, म्हणून पोटतिडकीनं लिहिलं होतं, "संगणकाची किल्ली ऑपरेटरने पँटच्या चोरखिशात ठेवावी. अन्य कोठेही ठेवू नये." खाली रेघही मारली होती.

बाई तेव्हा परीक्षेच्या कामासाठी नांदेडला गेल्या होत्या. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी माडीवरच चाळीस पानांची स्टेन्सिलं, म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवून प्रती काढायचे मेणकागद, टाइप करून घेतली. बाई परतल्या, टेबलावरची पहिली दहा पानं उभ्यानंच वाचली आणि मला बोलावणं धाडलं.

"अहो कंप्युटरवाले, हे यंत्र चालवायला दाढी लागते का हो?"

मी म्हणालो, "म्हणजे असली तर करून यावी, असं."

"आणि नसली तर?"

मी टाय सैल केला. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे सध्या चौदा मुली शिकायल्यात. उद्या त्यातली एखादी ह्या यंत्रासमोर बसली, तर पुस्तक उघडल्या उघडल्या तिला वाटेल, की आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. मशीनला माणूस कळत नाही, बोट कळतं. तुम्हाला तेवढंही कळू नये?"

मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं सगळी पुस्तकं अशीच लिहितात."

"इतकी वर्षं मी ती टाइप केलीत," बाई म्हणाल्या. "आता कंटाळा आला."

पुढचे बारा दिवस बाईंनी माझी पुस्तिका पुन्हा केली. 'तो बटण दाबतो' गेलं, 'बटण दाबावे' आलं. दाढी गेली, 'हात स्वच्छ धुवावेत' आलं. चोरखिसा गेला, 'किल्ली ऑफिसच्या कपाटात ठेवावी' आलं. एका मामाला हटवून तिथं गोदावरीबाई आल्या, जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या. संस्थेचे सेक्रेटरी एकदा माडीवर येऊन डोकावले, तेव्हा गोदावरीबाई पाहून म्हणाले, "बाई, अशी शेतकरीण हाय कुठं?" बाई मशीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "खुरपतं कोण, वेचतं कोण, ते आठवा. सापडेल." सोबतचा कारकून हसत म्हणाला, "तिकडं विद्यापीठाचं व्हईना, अन् तुमी इथं पुस्तकाचं नामांतर करायलात व्हय?" बाई म्हणाल्या, "नाव नाही बदलायले बाबा. बसायला जागा करायलेय." स्टेन्सिलवर एखादं अक्षर चुकलं, तर त्यावर गुलाबी वार्निश लावून, ते वाळेपर्यंत फुंकर घालून, मग पुन्हा टाइप करावं लागतं. बाई फुंकर अशी घालत, की जणू पोराच्या गुडघ्याला खरचटलंय.

बाईंची ही सगळी खटपट हवेतली नव्हती. तिला एक चेहरा होता. त्यांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी रुक्मिण. ती पोखर्णीहून रोज एसटीनं यायची. नरसिंहाच्या देवळासमोर वडिलांचं नारळ-फुलांचं दुकान. ते म्हणाले होते, "एक साल देतो. नौकरी लागली तर लागली, न्हाई तर उन्हाळ्यात लगीन." त्या सालाचे तीन महिने उरले होते, आणि संस्थेत ऑपरेटरची एकच जागा निघणार होती. बाई माझ्या प्रोग्रॅमवर रुक्मिणला रोज तासभर बसवायच्या. आठवड्याभरात ती माझ्याहून वेगानं चालवू लागली, आणि तिनं प्रोग्रॅममधल्या दोन चुकाही दाखवल्या. त्या मी 'मुद्दाम ठेवल्या होत्या' असं सांगितलं. तिनं मान डोलावली. फार समजूतदार मुलगी.

आता माझा पराक्रम सांगतो. छपाईच्या दिवशी दुपारी बाई कुणाच्या तरी मातीला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "सायक्लोस्टाइलला हात लावू नका. मी आल्यावर काढू." पण दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत प्रती द्यायच्या होत्या, आणि तज्ज्ञ माणसाला हँडल फिरवता येऊ नये म्हणजे काय! मी हँडल फिरवायला सुरुवात केली. तीस पानं झक्क निघाली. एकतिसावं स्टेन्सिल चढवताना त्याला सुरकुती पडली. ती काढायला मी ओढलं, तर ते मधोमध टरकन फाटलं. नवं टाइप करायचं म्हणजे बाईंना सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे ऐकून घ्यायचं. कोपऱ्यात रद्द केलेल्या जुन्या स्टेन्सिलांची चळत होती. त्यातलं जुनं एकतीस नंबर मी काढलं, चढवलं आणि फिरवलं. काम फत्ते.

रुक्मिण शेजारी बसून पानं लावत होती. तिचा हात थांबला. "सर, ह्ये पान जुनं हाय. चोरखिशाचं."

मी म्हणालो, "राहू दे गं. चाळीस पानांत एक. कोण वाचतंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पान त्याच्या जागी लावलं. बाई रात्री परतल्या तोवर प्रती बांधून तयार होत्या; हात लावल्याबद्दल मला बोलणी बसली, पण पानं पुन्हा तपासायला वेळ उरला नव्हता.

आता, संगणकाची पुस्तिका जगात कुणीच वाचत नाही, हे सत्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी अनुभवलं. पण परभणी जिल्ह्यात एक अपवाद होता, आणि नेमका तो त्या संस्थेचा सेक्रेटरी होता. सेक्रेटरींचे वडील निजामाच्या तहसिलीत कागदपत्रं सांभाळणारे पेशकार, त्यामुळे कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचायचा, हा त्यांचा खानदानी शिरस्ता. संस्थेचा दुसरा शिरस्ता असा, की बाहेरून आलेलं कोणतंही पुस्तक आधी संचालकांच्या बैठकीत ठेवायचं, ठराव करायचा आणि पानापानावर गोल शिक्का मारायचा. शिक्का बसला, की ते पुस्तक राहत नसे, कायदा होत असे. माझी पुस्तिका बैठकीत एका कपभर चहात मंजूर झाली आणि चाळीसही पानांवर निळे शिक्के उमटले.

निवडीच्या दिवशी चाचणीत रुक्मिण पहिली आली. दुसरे आलेले गृहस्थ दोन बोटांनी अक्षरं शोधत होते. तिचं सगळं उरकून ती खिडकीबाहेर पाहत बसली, तरी त्यांचे गणपतराव अजून अर्धेच झाले होते. तिला बाहेर बसवून समितीनं बाईंना आणि मला आत बोलावलं. सेक्रेटरींच्या पुढ्यात पुस्तिका उघडी होती.

"इंजिनेर साब," ते म्हणाले, "पोरीचं काम अव्वल हाय. मी इन्कार करत न्हाई. पण ह्ये वाचा." आणि त्यांनी स्वतःच वाचलं, "'किल्ली ऑपरेटरने पँटच्या चोरखिशात ठेवावी. अन्य कोठेही ठेवू नये.' खाली रेघ हाय. आता पोरगी चोरखिसा कुठून आणंल?"

समितीतले एकजण हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांना खरोखरच अडचण होती. "उद्या किल्ली हरपली तर मला विचारतील, कायद्यात असं साफ असताना तुमी बाईमानूस घेतलंच कसं? लय जिम्मेदारीचं काम हाय."

बाईंनी हात पुढं केला. "बघू." पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. टाइप त्यांच्याच मशीनचा होता. 'ठ'चं गोल थोडं तुटलेलं, ते त्यांच्या ओळखीचं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी शेजारून पाहिला. फाटलेलं स्टेन्सिल माझ्या खोलीत कपाटामागं होतं. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. 'साहेब, हे पान मी बदललं', पाच शब्द. पण ते उच्चारले, तर ठराव झालेल्या पुस्तकात मी लबाडी केली असं झालं असतं, बाकीच्या एकोणचाळीस पानांवर शंका आली असती, आणि माझं दुकान कुठं नुकतं उभं राहत होतं. एवढा हिशेब मी करेपर्यंत बाई बोलल्या.

"चूक माझी आहे. हे पान बदलायचं माझ्याकडून राहिलं. पोरीचा यात दोष नाही."

मी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

सेक्रेटरी हळहळून म्हणाले, "असंल बाई. चूक मानसाकडूनच व्हते. पन शिक्का बसलाय न्हवं. पान बदलायचं तर बैठक पायजे, बैठक बसंल मृग झाल्यावर. पेरा थांबतो का आपल्यासाठी?"

जागा दोन बोटांच्या गृहस्थांना मिळाली. रुक्मिणनं बाहेर निकाल ऐकला, बाईंच्या पाया पडली आणि दुपारच्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

चार दिवसांनी बाई म्हणाल्या, "पोखर्णीला जाऊन येऊ. माफी मागायची आहे." मी सोबत गेलो, कारण न जाण्याचं कारण सुचेना. दुकानामागंच घर होतं. वडिलांनी आमच्यासाठी बाजेवर सतरंजी अंथरली. बाई बसल्याच नाहीत. पदर सावरून, सरळ उभ्या राहून, एखादा पाठ म्हणावा तसं म्हणाल्या, "माझ्या नजरचुकीनं तुमच्या मुलीचं नुकसान झालं. मी तीस वर्षं लोकांच्या चुका काढत आले आणि स्वतःच्या घरची दिसली नाही."

वडील गडबडले. "अवो बाई, असं नका बोलू. तुमी पोरीला शिकवलं, ह्येच लय झालं. तिच्या नशिबात आसंल तसं."

रुक्मिण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं बाईंकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. ती थांबली. इतका वेळ थांबली, की ट्रेमधल्या कपांवरची वाफ कमी झालेली दिसली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि बोलायची पाळी माझी आहे, हेही ठाऊक होतं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ द्या बाई. बसा. चहा निवायलाय."

परतीच्या एसटीची वाट पाहताना बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नवे आहात. ही माझी जबाबदारी होती." आयुष्यात मी पुष्कळांची पुष्कळ बोलणी खाल्ली, ती सोयीनं विसरलो. हे वाक्य मात्र विसरता आलं नाही.

उन्हाळ्यात रुक्मिणचं लग्न झालं, पूर्णेच्या रेल्वेतल्या मुलाशी. मुलगा चांगला होता असं ऐकलं. तिच्या हातांना पुढं मशीन मिळालं की नाही, ते मी विचारलं नाही. मृगानंतर बैठक बसली, एकतिसावं पान विनातक्रार बदललं गेलं, आणि सेक्रेटरींनी वर मला अख्ख्या पुस्तिकेची नवी आवृत्ती करायला सांगितली. ती मात्र मी जीव ओतून केली. एकेक वाक्य चौदा मुली समोर बसल्यात असं समजून लिहिलं. मग चाळीसही पानं घेऊन माडीवर गेलो.

माडीवर मशीन तीच बारा होती, पण आतून ओरडण्याचा आवाज येत नव्हता. तीन नंबरवर कुणीतरी चुकीच्या बोटानं 'म' बडवत होतं आणि बाई ऐकत होत्या. मी म्हणालो, "बाई, एकदा नजर टाका."

"नको. माझ्या नजरेचं आता खरं नाही. चूक राहून जाते."

"बाई, ते एकतिसावं पान..." मी सुरुवात केली.

"ते नका काढू," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते काढू दिलं नाही याचं मला जे बरं वाटलं, त्याची लाज अजून वाटते. मग त्याच म्हणाल्या, "हवं तर वाचून दाखवा. ऐकते."

मी वाचू लागलो. त्या लिखाणात मी मुद्दाम एक खोडी करून ठेवली होती. अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'ऑपरेटरने धोतराचा सोगा नीट आवरून मगच खुर्चीवर बसावे.' हे ऐकलं, की बाईंच्या नाकपुड्या फुलतील, त्या मला 'अहो कंप्युटरवाले' म्हणून धारेवर धरतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल, असा माझा बेत होता. ते वाक्य मी सावकाश, मोठ्यानं वाचलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. ते उघडले. क्षणभर ओठ हलले. मग त्या म्हणाल्या, "असेल तसंच. तुम्हाला जास्त कळतं. पुढं वाचा."

मी पुढं वाचलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बाई म्हणाल्या, "छान झालंय. छापा आता."

धोतराचं ते वाक्य मी घरी आल्यावर स्वतःच खोडलं. एकच ओळ होती, पण खोडायला बराच वेळ लागला.